विषाणूच्या दोन आज्ञा

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें त्याचें नांव आपल्याकडील कित्येक घरांत मोठ्यानें घेतलें जात नाहीं. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशीं होणारा कर्करोग हा तो विषय होय. मी वैद्य नाहीं. शास्त्रज्ञ तर नाहींच. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि सारा जन्म खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यांत गेला. निवृत्तीनंतरच्या फुरसतींत जें वाचलें आणि जाणत्या माणसांकडून जें समजावून घेतलें, त्यांतील एका शोधाचा इतिहास आपल्यापुढें ठेवण्याचें धाडस करीत आहें.

विषयाची निवड करण्यास एक घरगुती कारण आहे. माझी आई मी लहान असतांनाच वारली आणि काकूनें मला वाढविलें. १९७४ सालीं, माझ्या मॅट्रिकच्या वर्षीं, काकू आजारी पडली. तिच्या दुखण्याचें नांव घरांत कोणी घेतलें नाहीं. 'बायकांचें दुखणें' एवढेच शब्द आम्हां मुलांच्या कानीं आले. तालुक्याच्या गांवीं तिला नेलें तेव्हां फार उशीर झाला होता, आणि त्या वर्षीची दिवाळी तिनें पाहिली नाहीं. पूर्वजन्मींचें कर्म, दैवाची करणी, असें त्या वेळीं सर्वांनीं म्हटलें. तो गर्भाशयमुखाचा कर्करोग होता हें मला कित्येक वर्षांनीं कळलें. त्याचें मूळ एका अतिसूक्ष्म विषाणूंत आहे, आणि त्या विषाणूची वाचा बंद केली तर रोगट पेशी आपण होऊन मरते, हें ज्ञान १९७४ सालीं जगांत कोणालाच नव्हतें. तें पुढें कसें मिळालें, आणि मिळूनहि अद्याप रोग्याच्या उशाशीं कां पोहोंचलेलें नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

हा रोग कांहीं विरळा नव्हे. २०२२ सालीं जगांतील सुमारें ६ लक्ष ६० हजार स्त्रियांना तो जडला आणि सुमारें साडेतीन लक्ष स्त्रिया त्यानें दगावल्या, असा अंदाज आहे. त्यांपैकीं सुमारें १ लक्ष २७ हजार रोगी आणि जवळजवळ ८० हजार मृत्यु एकट्या भारतांतील होते.

या कथेचा आरंभ इटलींतील व्हेरोना शहरीं होतो. तेथील डोमेनिको रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यांनीं १७६० पासून १८३९ पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गर्भाशयाचा कर्करोग संसारी स्त्रियांत पुष्कळ, परंतु ख्रिस्ती मठांतील व्रतस्थ स्त्रियांत अत्यंत विरळा, असें त्यांना आढळून आलें. याचें कारण त्यांना सांगतां येण्यासारखें नव्हतें. परंतु नोंदवही प्रामाणिकपणें ठेवलेली असली म्हणजे तिच्यांतील सत्य केव्हां तरी बाहेर पडतें. दांपत्यजीवनांत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारें कांहीं तरी या रोगाच्या मुळाशीं असावें, असा तर्क पुढील पिढ्यांना या नोंदींवरून करतां आला.

दुसरा धागा चामखिळीचा. अंगावर उठणाऱ्या साध्या चामखिळी एका विषाणूमुळें होतात, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच कळलें होतें. १९३३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड शोप यांनीं रानटी सशांच्या अंगावरील चामखिळींतून असाच एक विषाणु वेगळा काढला. आणि थोड्याच वर्षांत पेटन राउस यांनीं दाखवून दिलें कीं या चामखिळींचें रूपांतर कर्करोगांत होऊं शकतें. सशाच्या बाबतींत जें घडतें तें माणसाच्या बाबतींत घडत असेल काय, हा प्रश्न मात्र कित्येक वर्षें तसाच पडून राहिला.

तो हातीं घेतला जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं. १९७० नंतरच्या दशकांत बहुतेक संशोधकांचा संशय हर्पीस जातीच्या विषाणूवर होता. त्सुर हाउझेन यांनीं रोगट मांसांत त्याचा शोध केला. तो सांपडला नाहीं. तेव्हां त्यांनीं चामखिळीच्या विषाणूंकडे लक्ष वळविलें. या विषाणूंच्या एक नव्हे, पुष्कळ जाती आहेत, आणि त्यांतील एखादी या कर्करोगाला कारण असावी, असें त्यांचें म्हणणें होतें. पुष्कळांना तें पटलें नाहीं. तथापि १९८३ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील मंडळींनीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत या विषाणूची १६ क्रमांकाची जात ओळखून काढली, आणि पुढच्याच वर्षीं १८ क्रमांकाची. जगांतील अशा कर्करोगांपैकीं सुमारें ७० टक्के या दोन जातींमुळें होतात, असें आज मानलें जातें. या शोधाबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २०२३ च्या मे महिन्यांत ते निवर्तले.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा विषाणु इतका सर्वत्र पसरलेला आहे कीं संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यांत केव्हां तरी स्पर्श करून जातो. बहुतेकींच्या शरीरांतून तो वर्षादोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. थोड्या जणींच्या शरीरांत मात्र ठाण मांडून बसतो, आणि मग दहा, वीस वर्षांनीं रोग दिसूं लागतो. तेव्हां यांत कोणाच्या शीलाचा प्रश्न नाहीं. पडसें येणें ही जशी बदनामी नव्हे, तशी हीहि नव्हे.

विषाणु सांपडला, पण तो करतो काय? याचें उत्तर ज्या पेशींनीं दिलें त्यांची हकीकत हृदयद्रावक आहे. १९५१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत, हेन्रिएटा लॅक्स नांवाची एक कृष्णवर्णी स्त्री आली. तंबाखूच्या शेतांत राबलेली, पांच मुलांची ती आई. तिला हाच रोग झाला होता. तिच्या गांठीचा एक लहानसा तुकडा तिला अगर तिच्या घरच्यांना न विचारतां काढून घेण्यांत आला आणि जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत गेला. त्यापूर्वीं माणसाच्या पेशी कांचेच्या भांड्यांत फार दिवस जगत नसत. या पेशी मात्र सुमारें एका दिवसांत दुप्पट होऊं लागल्या, आणि आजतागायत वाढतच आहेत. हेन्रिएटा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत, वयाच्या ३१ व्या वर्षीं, मरण पावली. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'हेला' म्हटल्या जाणाऱ्या या पेशी जगभर वांटल्या गेल्या. तिच्या मुलांना मात्र वीसाहून अधिक वर्षें त्याचा पत्ता नव्हता.

त्सुर हाउझेन यांच्या मंडळींनीं या पेशी तपासल्या, तेव्हां त्यांत तोच १८ क्रमांकाचा विषाणु निघाला. १९८५ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. पेशींत अखंड विषाणु उरलाच नव्हता. त्याच्या डीएनएचा एक तुकडा पेशीच्या स्वतःच्या डीएनएंत घुसून बसला होता, आणि त्यांतील ई-६ व ई-७ हीं दोन जनुकें तेवढीं कामांत होतीं. रोगी जाऊन चौतीस वर्षें झालीं होतीं. परंतु त्या दोन जनुकांच्या आज्ञा त्या पेशींत अखंड चालू होत्या.

या आज्ञा कशा सुटतात हें समजण्यासाठीं मी माझ्या शाळेचा दाखला देतों. शाळेचें जनरल रजिस्टर हेडमास्तरांच्या खोलींत, कपाटांत कुलूपबंद असतें. तें वर्गावर्गांत फिरत नाहीं. हेडमास्तर त्यावरून एक नोटीस लिहितात, शिपाई ती घेऊन वर्गांत जातो, मास्तर ती वाचतात, आणि मग काम होतें. पेशीचेंहि असेंच आहे. डीएनए हें रजिस्टर. तें केंद्रकांत बंद असतें. त्यावरून आरएनए नांवाची नोटीस तयार होते, ती केंद्रकाबाहेर येते, आणि तीप्रमाणें प्रथिन तयार होतें. प्रत्यक्ष काम करतें तें प्रथिन. विषाणूनें केलें एवढेंच कीं रजिस्टरांत आपलीं दोन पानें चिकटवून दिलीं. हेडमास्तरांना तें कळलें नाहीं; नोटिसा सुटत राहिल्या.

या नोटिसांत असतें काय, हें १९८९ व १९९० या दोन वर्षांत अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. प्रत्येक निरोगी पेशींत रखवालदार असतात. त्यांपैकीं एकाचें नांव पी-५३. पेशीच्या डीएनएला इजा झाली असतां तो वाढ थांबवितो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरण पत्करावयास लावतो. दुसरा रखवालदार आरबी. वेळ आल्याशिवाय पेशीनें दुभंगूं नये यासाठीं तो दार अडवून उभा असतो. ई-७ चें प्रथिन आरबीला मिठी मारून दारावरून दूर करतें. ई-६ चें प्रथिन पेशींतीलच एका प्रथिनाला हाताशीं धरून पी-५३ वर 'टाकाऊ' असा शिक्का मारवितें, आणि पेशी स्वतःच आपल्या रखवालदाराची विल्हेवाट लावते. दोन्ही रखवालदार गेल्यावर पेशी बेबंद वाढूं लागली तर नवल काय?

श्रोतेहो, या ठिकाणीं या रोगाचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घ्यावें. इतर पुष्कळ कर्करोगांत पी-५३ चें जनुकच बिघडलेलें असतें. रखवालदार मेलेला असतो. या रोगांत तें जनुक बहुधा धडधाकट असतें. रखवालदार रोज नवा तयार होतो आणि रोज नाहींसा केला जातो. तो मेलेला नाहीं, दडपलेला आहे. मग त्या दोन आज्ञा बंद पाडल्या तर तो पुन्हां उभा राहील काय? कीं इतक्या वर्षांनीं पेशीला कर्करोगाची संवय लागून तिला आज्ञेची गरजच उरलेली नसेल?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, आणि त्याचें उत्तर टप्प्याटप्प्यानें मिळालें. १९८८ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं अशा कर्करोगाच्या पेशींत विषाणूच्या नोटिशीची उलटी प्रत सोडली, तेव्हां पेशींची वाढ मंदावली. २००० सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत एडवर्ड गुडविन व डॅनियल डायमायो यांनीं याहून स्पष्ट प्रयोग केला. विषाणूच्याच अंगीं ई-२ नांवाचें एक जनुक असतें, आणि तें ई-६ व ई-७ यांच्यावर लगाम ठेवतें. विषाणूचा तुकडा पेशीच्या डीएनएंत घुसतांना हें जनुक पुष्कळदां मोडतें, आणि लगाम सुटतो. या दोघांनीं गाईच्या चामखिळीच्या विषाणूंतील ई-२ हेला पेशींना पुरविलें. दोन्ही आज्ञा थांबल्या. पी-५३ पुन्हां सांठूं लागला, आरबी पुन्हां दारावर उभा राहिला, आणि जवळजवळ पन्नास वर्षें न थांबलेल्या पेशींची वाढ थांबली. अर्ध्या शतकाच्या गुलामगिरीनंतरहि त्या पेशींचे रखवालदार जिवंत होते.

आतां उपाय काय, हें कळलें. परंतु नुसत्या त्या दोन नोटिसा अचूक हेरून फाडाव्या कशा? त्याचें साधन एका अगदीं वेगळ्या दिशेनें येत होतें, आणि त्याचा उगम एका फुलझाडांत होता.

कॅलिफोर्नियांत रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांचे सहकारी पेटुनियाच्या फुलांवर काम करीत होते. फुलाचा जांभळा रंग ज्या जनुकामुळें येतो त्याची एक जादा प्रत त्यांनीं झाडांत घातली. रंग अधिक गडद व्हावा ही अपेक्षा. झालें उलटेंच! कित्येक झाडांना पांढरीं शुभ्र, तर कांहींना पांढऱ्या पट्ट्यांचीं फुलें आलीं. जादा जनुकानें स्वतः तर काम केलें नाहींच, उलट झाडाचें मूळचें जनुकहि गप्प केलें. १९९० सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. बुरशीवर काम करणाऱ्या इटालियन संशोधकांनाहि १९९२ सालीं असाच अनुभव आला. कारण मात्र कोणालाच उमगेना.

तें उमगलें एका कृमीमुळें. मातींत राहणारा, सुमारें एक मिलिमीटर लांबीचा हा पारदर्शक जीव प्रयोगशाळांत पाळला जातो. अँड्र्यू फायर व क्रेग मेलो या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कृमीच्या स्नायूंशीं संबंध असलेलें एक जनुक निवडलें. त्या जनुकाची आरएनए-नोटीस एकेरी स्वरूपांत टोंचली, कांहीं झालें नाहीं. तिची उलटी प्रत टोंचली, फारसें कांहीं झालें नाहीं. दोन्ही प्रती एकमेकींस चिकटवून दुपदरी करून टोंचल्या, आणि कृमि थरथरूं लागले. त्यांचें तें जनुक मूक झालें होतें. प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्या दुपदरी आरएनएचे अगदीं थोडे रेणु आले तरी पुरत होते. हा निबंध १९९८ च्या फेब्रुवारींत 'नेचर' पत्रांत आला, आणि २००६ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

हें घडतें कसें? पेशीची स्वतःची नोटीस नेहमीं एकपदरी असते. लांब दुपदरी आरएनए दिसला कीं तो बहुधा परक्या विषाणूचा, असें पेशी समजते. एक प्रथिन त्याचे सुमारें एकवीस अक्षरांचे तुकडे करतें. दुसरें प्रथिन त्यांतील एक पदर नमुना म्हणून आपल्यापाशीं ठेवतें, आणि त्या नमुन्याशीं जुळणारी प्रत्येक नोटीस हेरून फाडून टाकतें. रजिस्टराला धक्का नाहीं, हेडमास्तरांना त्रास नाहीं. शिपाई वर्गापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच त्याच्या हातांतील तेवढी एक नोटीस नाहींशी होते. जनुकांचें मौन म्हणतात तें हेंच. झाडें, बुरशी, कृमि आणि माणूस, या सर्वांपाशीं हें प्राचीन शस्त्र आहे.

माणसाच्या पेशींत एक अडचण होती. लांब दुपदरी आरएनए आंत गेला कीं आमच्या पेशी विषाणूचा हल्ला झाल्याचा गजर करतात आणि सारेंच काम बंद पाडतात. जर्मनींतील ग्योटिंगेन येथें थॉमस टुशल यांच्या मंडळींनीं युक्ति काढली. पेशीनें तुकडे करावे याची वाट न पाहतां, एकवीस अक्षरांचे आयतेच तुकडे त्यांनीं घडविले. इतके आंखूड तुकडे गजर न होतां आंत शिरतात आणि आपलें काम करतात. २००१ च्या मे महिन्यांत त्यांनीं हें सिद्ध केलें. ज्या मानवी पेशींवर हा प्रयोग झाला त्यांत हेला पेशीहि होत्या!

मग दोन्ही धागे एकत्र येण्यास वेळ लागला नाहीं. इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठांत मिंग जियांग व जो मिल्नर यांनीं १६ क्रमांकाच्या विषाणूच्या ई-६ व ई-७ यांच्याशीं जुळणारे आंखूड तुकडे घडविले आणि कर्करोगाच्या पेशींत सोडले. २००२ सालीं त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. ई-६ मूक होतांच पी-५३ सांठूं लागला आणि वाढ मंदावली. ई-७ मूक होतांच पेशींनीं आत्मनाश पत्करला. आणि ज्या पेशींत हा विषाणु नव्हता त्यांना कांहींच झालें नाहीं. ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. किरणोपचार आणि जहाल औषधें यांचा मारा रोगट व निरोगी अशा दोन्ही पेशींवर होतो. विषाणूची आज्ञा मात्र रोगट पेशींतच असते. म्हणून तिच्यावर रोखलेला बाण निरोगी पेशीला लागण्याची भीति फार कमी.

लौकरच इतर देशांतूनहि याला पुष्टि मिळाली. ऑस्ट्रेलियांत नायजेल मॅकमिलन यांच्या मंडळींना २००५ सालीं आढळलें कीं या आज्ञा मूक केलेल्या पेशी सिस्प्लॅटिन या नेहमींच्या औषधाला अधिक लौकर बळी पडतात. पुढल्या वर्षीं त्यांनीं उंदरांवरील प्रयोगांतहि गांठींची वाढ रोखून दाखविली.

तर मग, आपण विचाराल, २००२ पासून इतकीं वर्षें लोटलीं, हें औषध दवाखान्यांत कां नाहीं?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर 'वाट' असें देतां येईल. कांचेच्या भांड्यांत पेशी औषधांत बुडालेल्याच असतात. देहांत तसें नाहीं. हे आरएनएचे तुकडे उघडेच रक्तांत सोडले तर रक्तांतील पाचक द्रव्यें त्यांना कांहीं मिनिटांत तोडून टाकतात आणि मूत्रपिंडें बाहेर लोटतात. जे उरतात त्यांना पेशीचें स्निग्ध आवरण आंत येऊं देत नाहीं. म्हणून त्यांना स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून पाठविण्याची युक्ति निघाली. परंतु रक्तांत सोडलेल्या अशा गोळ्या बहुतांशीं यकृतांत जाऊन थबकतात. त्यामुळें झालें असें कीं या पद्धतीचें पहिलें औषध अमेरिकेंत २०१८ च्या ऑगस्टांत मान्य झालें, तें यकृतांत तयार होणाऱ्या एका सदोष प्रथिनामुळें मज्जातंतूंवर होणाऱ्या आनुवंशिक रोगाचें. त्यामागून आणखीहि कांहीं आलीं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं मात्र असें मान्यता पावलेलें औषध अद्याप नाहीं.

दुसरी अडचण संख्येची. गांठींत कोट्यवधि पेशी असतात. त्यांतील थोड्या जरी औषधाविना राहिल्या तरी गांठ पुन्हां वाढते. शिवाय नोटीस फाडली तरी रजिस्टरांतील पान तसेंच राहतें. औषधाचा अंमल उतरला कीं आज्ञा पुन्हां सुटूं लागते. म्हणून तें पानच कापून टाकावें, या हेतूनें जनुकें कापणारी नवी कात्री वापरण्याचे प्रयोगहि चालू आहेत. मॅकमिलन यांच्याच मंडळींनीं २०१९ सालीं उंदरांतील गांठी तिनें नाहींशा केल्या. एक आशा अशीहि आहे कीं गर्भाशयाचें मुख हें यकृताप्रमाणें किंवा मेंदूप्रमाणें देहाच्या आंत खोल दडलेलें नाहीं. तेथें औषध बाहेरून प्रत्यक्ष लावतां येतें. २००६ सालीं अमेरिकेंत मादी उंदरांच्या योनिमार्गांत असे तुकडे सोडून हर्पीसच्या प्राणघातक संसर्गापासून त्यांचें रक्षण करण्यांत आलें होतें. कर्करोग होण्यापूर्वींच्या अवस्थेंत हा मार्ग उपयोगी पडावा, अशी अपेक्षा बाळगणें अवास्तव नव्हे. परंतु उंदीर बरा होणें आणि माणूस बरा होणें यांत मोठें अंतर आहे. तें चाचण्यांनींच कापावें लागतें, आणि तेथें घाई केल्यास रोग्याचाच घात होतो.

असो. औषध येईल तेव्हां येईल. तोंवर आपण काय करावें? हें सांगण्यासाठीं मला आपणांस माझ्या जुन्या जिल्ह्यांत, ज्याला आज धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबादेंत, घेऊन गेलें पाहिजे. काकूला जाऊन पंचवीस वर्षें झाल्यावर, १९९९ सालीं, याच जिल्ह्यांत एक मोठी पाहणी सुरू झाली. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं ती हातीं घेतली. खेड्यांचे ५२ गट पाडले गेले आणि ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तींत घेतल्या गेल्या. निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या तपासण्या देण्यांत आल्या. एका गटाला नेहमींच्या व्यवस्थेपलीकडे कांहीं दिलें गेलें नाहीं. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांची या विषाणूसाठीं केवळ एकदां तपासणी झाली आणि दोष आढळल्यास वेळींच उपचार झाले, त्यांच्यांत पुढील आठ वर्षांत या रोगानें झालेले मृत्यु तुलनेच्या गटाच्या मानानें जवळजवळ निम्मे होते. माझ्या काकूसारख्या, शेतांत राबणाऱ्या स्त्रियांनीं जगाला दिलेलें हें ज्ञान आहे.

लसहि आली आहे. जगांतील पहिली २००६ सालीं, आणि पुण्याच्या सीरम संस्थेनें तयार केलेली २०२३ च्या जानेवारींत. परंतु लस ही विषाणु येण्यापूर्वींची तटबंदी आहे. ज्यांच्या पेशींत तो आधींच शिरला आहे त्यांना तिचा उपयोग नाहीं. म्हणून मुलींना लस, मध्यम वयाच्या स्त्रियांना तपासणी, आणि ज्यांना रोग जडलाच आहे त्यांच्यासाठीं आजचे उपचार व उद्यांचें हें मौनाचें औषध, असे तिन्ही मार्ग बरोबरच चालले पाहिजेत. एक आहे म्हणून दुसरा नको, असें म्हणतां येत नाहीं.

व्हेरोनाच्या नोंदवह्या, सशाची चामखीळ, हेन्रिएटेच्या पेशी, पेटुनियाचें पांढरें फूल आणि मातींतील कृमि. यांपैकीं कोणीहि एकमेकांस ओळखत नव्हते. आणि फुलाचा रंग गडद करूं पाहणाऱ्या माणसाला आपण कर्करोगाच्या औषधाची पायवाट पाडीत आहोंत, याची कल्पनाहि नव्हती. या इतिहासानें मला स्वतःला जें शिकविलें तें असें. ज्या पेशीला आपण असाध्य म्हणत होतों, तिच्यांत तिचे रखवालदार अखेरपर्यंत जिवंत होते; त्यांच्या तोंडावर कोणी तरी हात ठेवला होता, एवढेंच. माझ्या काकूच्या घरींहि निराळें काय होतें? दुखणें तिला होतें, तें तिला ठाऊकहि होतें. पण बोलण्याची सोय नव्हती. विषाणूला मूक करण्याचें काम शास्त्रज्ञांचें आहे, आणि तें ते करीत आहेत. घरांतील स्त्रीला बोलतें करण्याचें काम मात्र आपलें आहे. त्यासाठीं कोणत्याहि प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाहीं. हें भाषण ऐकून एखाद्या घरांत एखाद्या मुलानें आपल्या आईला, मावशीला अगर काकूला 'तुझी तपासणी झाली आहे काय?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी या म्हाताऱ्या मास्तराचे श्रम फळास आले असें मी समजेन.